आईने बत्तीसचं घेतलं

बाबांचे दिवस झाले आणि मी मस्कतला परत निघाले, तेव्हा आई माझी बॅग स्वतः ओढत रिक्षापर्यंत आली. मिरजेबाहेरची आमची कॉलनी, चार बंगले, त्यातले दोन कुलूपबंद, कारण त्यांचीही मुलं माझ्यासारखीच बाहेर. मी रडायला लागले तर मलाच ओरडली, "रडतेस काय बावळटासारखी? मी काय कुक्कुलं बाळ आहे? बस रिक्षात." मी बसले. आपण सगळे बसतोच की.

इथे मस्कतच्या रुवी भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली दुकानं. नमाजाची वेळ झाली की कापडवाला मालावर नुसती चादर टाकून जातो, कुलूप नाही, काही नाही. मीही गाडी चालू ठेवून बेकरीत खबूसच्या रोट्या घ्यायला उतरते. भीती हा विषयच डोक्यातून गेलाय म्हणा ना! तर एका शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे काचेचं कपाट. मला वाटलं, घड्याळाचं दुकान असेल.

"अगं, जरा सांग. बत्तीसचं घेऊ की बावीसचं?"

"काय बत्तीसचं?"

"रिव्हॉल्व्हर."

माझ्या हातातला डाव खाली पडला. निवृत्त भूगोलाची बाई माझी आई, आणि विचारत होती कशी, तर कुकर तीन लिटरचा घेऊ की पाचचा, अशा सुरात! "बावीसचं हाताला हलकं वाटतं. कॉलेजात एनसीसीत बावीसचीच रायफल चालवली होती मी. पण हे दुकानदार म्हणतात, धक्का जास्त बसला तरी बत्तीसच घ्या, समोरचा थांबायला हवा." माझी लेक मागून किंचाळली, "वॉव, आजी इज सो कूल!" तिला मी आत हाकललं.

मग एकेक बाहेर आलं. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला भरदिवसा घरात बांधून मारहाण झाली होती. आईने लायसन्ससाठी अर्ज केला, पोलीस चौकशीला येऊन गेले, चालवायचं शिक्षणही झालं. आणि इतके महिने फोनवर मला काय सांगत होती? जास्वंदीला कळ्या आल्यात. आज मुगाची खिचडी केली. असला संताप झाला माझा! "मला का नाही बोललीस?" म्हटलं, तर म्हणाली, "बोलून काय केलं असतंस तिथून?" तुला पटेल ते घे, असं म्हणून मी फोन ठेवला.

आपल्या गल्फवाल्यांना एक खोड असते, तुम्हालाही असेल. न कळवता घरी थडकायचं आणि सगळ्यांची तारांबळ बघायची. दिवाळीआधी मीही तशीच गेले. दुपारी आई झोपलेली असते, म्हणून मागच्या दाराच्या जाळीतून हात घालून हळूच कडी काढली. चपला हातात घेतल्या आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

"हलायचं नाही."

आईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर, नळी माझ्या छातीकडे. बत्तीसचंच घेतलं होतं तिने. आणि समोरचा म्हणजे मी. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता! तिने मला कशावरून ओळखलं, देव जाणे. ते रिव्हॉल्व्हर ओट्यावर ठेवून ती माझ्याजवळ आली आणि फाडकन थोबाडीत मारली. मग मिठीत घेऊन इतकी रडली, की बाबा गेले तेव्हाही तेवढी रडली नव्हती.

माझ्याबरोबर चल म्हटलं, हजारदा म्हटलं. नाही आली. हे घर माझं आहे, म्हणते.

घर माझंही आहे. मस्कतच्या विमानतळावर तिथलं रेसिडेंट कार्ड दाखवलं की मी दोन मिनिटांत आत असते. मिरजेला मात्र रस्त्यावरूनच ओरडते, "आई, मी आहे, मीनल! एकटीच आहे!" शेजारीपाजारी डोकावून बघतात. बघू देत. आतून तिचं "ये" ऐकू येईपर्यंत मी हात वर करून उभी असते.