दाव्यासकट

पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना, घाट लागण्याआधीच्या वाडीत हैबती एकटाच राहतो. घराच्या कुशीला पत्र्याची शेड आहे. तिच्यात परवापरवापर्यंत एक लाल विलायती गाडी होती. दोघंच बसतील एवढी, बुटकी, उघड्या टपाची. शर्यतीसाठी जन्मलेली आणि वयाने हैबतीपेक्षा थोडी थोरलीच.

गाडी मूळची त्याच्या साहेबांची. महाडच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना होता आणि हैबती त्यांचा ड्रायव्हर. सारी नोकरी त्याने बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत काढली. साहेबांना मूलबाळ नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी गाडी हैबतीच्या नावावर केली आणि एवढंच म्हणाले, "बंद पडू देऊ नकोस."

हैबतीने ते मनावर घेतलं. पावसाळ्यात इथे भिंतींनाही बुरशी येते. तो शेडमध्ये रात्रंदिवस शंभरचा बल्ब जळता ठेवी, सीटच्या चामड्यावरची भुरी खोबरेलाने पुसे, उंदरांसाठी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या टाके. दर रविवारी गाडी काढून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन येई. परतला की समोरची शकू ओरडायची, "काय तात्या, आणलंत का सवतीला फिरवून?"

आतून बायको रंगूबाई म्हणायची, "जाऊ दे गो. मी बसले तर म्हणतो, वजन होतंय!"

रंगूबाई गेली. मुलगा ओंकार डोंबिवलीला, तो गणपतीला येतो आणि गौरींबरोबर परततो. मग घरात बोलणारी ही एक गाडीच उरली. इंजिन खोकलं की हैबती म्हणे, "काय झालं?" आणि कान देऊन उत्तराची वाट बघे.

यंदा गुडघ्याने दगा दिला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. रविवार तसेच जाऊ लागले. उभी गाडी आतून मरत जाते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ओंकारने पुण्यातल्या विनीतचा नंबर मिळवला. त्याला जुन्या गाड्या जमवायचा नाद. व्यवहाराचं सगळं ओंकार बोलला. हैबतीने फोनवर एकच विचारलं, "चालती ठेवाल ना?"

"काका, जिवापाड जपू!"

हैबतीला तेवढं पुरलं. त्याच्या लेखी जपणं म्हणजे चालवणंच.

विनीत आला तो मित्राला, किशोरला, घेऊन, गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकमधूनच. दोघांनी बॅटरीच्या उजेडात गाडी इंच इंच पाहिली. "रंगसुद्धा पहिलाच आहे रे," किशोर हलक्या आवाजात म्हणाला. सह्या झाल्या. ट्रकची फळी उतरली, गाडीला लोखंडी दोर अडकवला.

"सुरू करून चढवा की," हैबती म्हणाला.

"नको काका, उगाच धोका कशाला?"

गाडी मुकाट्याने वर ओढली गेली. विनीतने किल्लीसाठी हात पुढे केला. हैबतीने मूठ मिटली.

"ती नाय मिळायची. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाय. दावं गोठ्यातच ऱ्हातं. तुम्ही दुसरी करून घ्या."

किशोरला हसू फुटलं. विनीत हसला नाही. भला माणूस. "ठेवा काका, खुशाल ठेवा. आपल्याला कुठे सुरू करायचीय?"

"म्हंजे?"

"काचेच्या दालनात ठेवणार. पेट्रोल, ऑइल, सगळं काढून. कितीही वर्षं जशीच्या तशी राहील."

"जपू म्हणाला होतात."

"मग? याहून कसं जपायचं?"

हैबती ट्रककडे बघत राहिला. परत उतरवायला सांगावं, असं ओठांवर आलं. पण शेडमध्ये तरी ती काय करणार होती? उभीच राहणार. आणि तो तिच्याजवळ, तोही असाच. त्याने मूठ उघडली.

"घ्या."

"अहो, पण तुमची पद्धत..."

"ऱ्हाऊ दे. किल्ली हितं ऱ्हायली तर गाडी कधीच सुरू होयाची नाय. तुमच्याकडं असली तर कधी कुणाला वाटंल तरी."

विनीतने किल्ली रुमालाने पुसली, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड नीट बंद केलं.

ट्रक हलला. हैबती लंगडत केबिनच्या बाजूने चालू लागला. "चोक अर्धाच वढा. पुरा वढलात तर रुसते. रुसली तर जरा थांबायचं, लगेच परत किल्ली नाय मारायची..." विनीत खिडकीतून मान डोलावत होता. मग एसीसाठी काच वर गेली. तो आतूनही मान डोलावत राहिला.

ट्रक पोलादपूरच्या दिशेने वळला. रस्ता मोकळा झाला. हैबतीचं सांगणं अजून संपलं नव्हतं.

"दुसऱ्या गियरला घाई करायची नाय," तो म्हणाला.

शकू दारात आली. "कुणाशी बोलताय, तात्या?"

"कुणाशी नाय गो."