आल्तमसाठी रडायला बोलावलेली बाई

ऊलकानसमोर पाखरांचं नाव काढायची सोय एप्रिलपासून राहिली नव्हती. कुणी 'ससाणा' म्हटलं की ती चहा बघायला उठायची. कुणी घोड्याचा विषय काढला की तिला अंगणात वाळत घातलेली लोकर आठवायची. शेजारची झुराकान एकदा म्हणाली, "आमच्या तंबूची एक काठी मोडली गं," तर ऊलकान हातातला पाव तसाच टाकून घरी निघून गेली. झुराकानची काठी खरोखरच मोडली होती, बिचारीची.

आमच्या नारीनमध्ये मरणाची बातमी कुणी सरळ सांगत नाही. चार वडीलधारी माणसं घरी येतात, चहा घेतात, पावसापाण्याचं बोलतात. मग त्यातला एखादा सुरू करतो, की एक ससाणा होता, हातावरून उडाला, परत आला नाही, किंवा घोडा सुटून गेला, किंवा तंबूची काठी मोडली. ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. हे आडून सांगणं ऊलकानइतकं कुणाला साधत नसे. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासायची, पण गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं तिला. आधी बातमी सांगायची, मग तंबूत बायकांमध्ये भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून गेलेल्याचा कोशोक गायचा. कोशोक म्हणजे विलापाचं गाणं, त्या माणसाचं आणि फक्त त्याचंच. आवाज तिचा मुळीच गोड नव्हता, भरडा होता. पण सत्ताविसाव्या वर्षी नवरा बर्फाखाली नदीत गेला तेव्हा तिने जे गायलं, ते ऐकून त्याच्याशी भांडण असलेले लोकही रडले होते. तेव्हापासून सगळं गाव तिच्याच तोंडून रडत आलं.

आणि आता तिच्याच मुलाची बातमी होती, नि ती ऐकून घ्यायला तयार नव्हती.

कुबात तिचा एकुलता एक. काटकुळा, पण कुस्तीत चिवट. अकरा वर्षांचा असताना घोड्यावरून पडून त्याच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काहीही उचलायचं झालं की आधी तो खांदा किंचित खाली जायचा. नदीत बूट घालून उतरायची खोड मात्र कधी गेली नाही. ओले बूट घेऊन घरात आला की ऊलकान डाव घेऊन मागे लागायची. पंचविशीचा झाला तरी तेच.

बिश्केकला त्याचा बालमित्र मिर्लान व्हिडिओ गेम बनवायचा. जुन्या कथांमधले राक्षस घेऊन त्याने आल्तम नावाचा एक वीर उभा केला, आणि त्या वीराचं अंग म्हणून कुबातला घेतलं. काळे घट्ट कपडे, त्यावर पांढरे गोळे चिकटवलेले. कुबात भाला फिरवायचा, गदा हाणायचा, लोळायचा, उठायचा, आणि ते सगळं आल्तमच्या अंगात उतरायचं. फोटो पाहून ऊलकान म्हणाली होती, "अरे, मेंढीला गोचिड्या लागल्यासारखा काय दिसतोस!" पण मग गेम पाहिला. पडद्यावर आल्तम सात डोक्यांच्या म्हातारीवर गदा उचलत होता, आणि उचलण्याआधी त्याचा डावा खांदा किंचित खाली जात होता.

पहिला भाग पोरांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्याच्या साऱ्या लढाया कुबातने करून दिल्या आणि त्या हिवाळ्यात तो रशियात बांधकामावर गेला. तिथे कुणीतरी एक कागद पुढे केला, सही केलीस तर इथलं कायमचं नागरिकत्व लवकर मिळेल म्हणून. त्याने सही केली आणि दुसऱ्यांच्या युद्धात गेला. एप्रिलमध्ये शेवटचा फोन आला. पुढे काही नाही.

ऊलकानने टीव्हीला गेमचं यंत्र जोडून घेतलं होतं. खेळता येत नव्हतं तिला. ती फक्त आल्तमला एका टेकडीवर नेऊन उभा करायची नि बटणं खाली ठेवायची. मग तो नुसता उभा राहायचा. या पायावरचं वजन त्या पायावर घ्यायचा, मानेमागे खाजवायचा, अगदी कुबातसारखा. ती पीठ मळायची, भांडी आवरायची, आणि तो तिथे उभा असायचा. गावात कुणी मेलं आणि बोलावणं आलं तर म्हणायची, घसा बसलाय. तोंड उघडलं तर कुणाचं नाव बाहेर पडेल याची तिला धास्ती होती. एकदा ते नाव कोशोकात आलं की माणूस मेलाच. लोक आपसात बोलत, म्हातारी पोराला उंबऱ्यावर ताटकळत ठेवतेय. बोलत होते ते खोटं नव्हतं, पण बोलणाऱ्याचं काय जातं!

नोव्हेंबरात मिर्लानचा फोन आला. दुसऱ्या भागात आल्तम मरतो, त्याच्यासाठी कोशोक हवा होता. ऊलकानने जरा विचार केला. आल्तम मुळात जन्मालाच आलेला नव्हता. त्याच्यासाठी रडायला कसली भीती? ती भल्या सकाळी गाडीत बसली.

बिश्केकला आपल्या कामाच्या जागी मिर्लानने तिला खुर्ची दिली, चहा दिला, प्रसंग वाचून दाखवला. आल्तम गेलाय, तंबूत त्याची बायको गातेय.

"बाहेर कोण आहे?" ऊलकानने विचारलं.

"बाहेर?"

"तंबूबाहेर रे! पुरुष कुठायत? काठीवर वाकून हंबरडा फोडायला कुणी नको? कुत्रं मेलंय का तुमचं?"

"ते नंतर घालू, आपा." कुबातसारखाच मिर्लानही तिला लहानपणापासून आपा, म्हणजे आई, म्हणायचा.

"नंतर घाल म्हणे. बाहेरचं रडणं कानावर आल्याशिवाय आतल्या बाईला सूर सापडत नाही. तुझ्या आजोबांच्या वेळी तूच उभा होतास ना दारात? नाक पुसत?"

"होतो, आपा." मिर्लान ओशाळून हसला. मागे बसलेली पाच-सहा पोरंही हसली.

"बरं, आता दाखव कसा मरतो. बघितल्याशिवाय मी कुणासाठी रडत नाही."

मिर्लानने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बटणं तिच्या हातात दिली. दुसऱ्या भागात आल्तम परक्या खानाच्या लढाईत गेलेला होता. जमीन देईन म्हणाला होता खान. पहिल्या भागात शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवला की आल्तमच्या अंगात बळ परत यायचं. इथे अडवलं तरी येत नव्हतं. आधी घोडा गेला होता, मग गदा, मग तलवार. शेवटच्या लढाईत नदीच्या वळणावर त्याच्याकडे मोडका भाला तेवढा उरला होता.

ऊलकानने सवयीप्रमाणे बटणं खाली ठेवली. आल्तम उभा राहिला. मानेमागे खाजवलं. आणि झाडीतून चौघे धावून आले.

"हे कशाला आले? मी तर त्याला नुसतं उभं केलंय."

"इथे थांबता येत नाही, आपा. थांबलं तरी ते येतात."

तिने घाईघाईने बटणं उचलली, पण तो पडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडला. पोरं मागून सांगायला लागली, आपा, डावीकडे, आपा, आता अडवा! चौथ्या वेळी तिने दोघांना पाडलंसुद्धा. सातव्या वेळी चौघांना पाडलं, तर झाडीतून आणखी आले.

"यातून वाचवायची वाट कुठली?" तिने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"नाहीये, आपा. ठेवलीच नाही."

आठव्यांदा ती पडद्याकडे बघत बसली. आल्तम पडला. मग कसाबसा सरकत एका खडकाला टेकून बसला, उजव्या पायातला बूट काढला, उपडा करून आतलं पाणी ओतलं आणि तो बाजूला नीट उभा करून ठेवला. मग त्याची मान खाली गेली.

ऊलकानने बटणं मांडीवर ठेवली.

"पडेपर्यंत माझा कुबात आहे," ती म्हणाली. "बसला तो तू आहेस. आधी हात टेकून बसतोस तू, लहानपणापासून."

"हो. कुबात गेल्यावर तेवढं राहिलं होतं. ते मी केलं."

"आणि बूट? लढाईत बूट कोण काढतं रे?"

मिर्लान तिच्यासमोर जमिनीवर बसला. आधी हात टेकून. त्याने घसा साफ केला आणि खाली बघत म्हणाला, "आपा... एक ससाणा होता—"

"ससाणा गेला खड्ड्यात!" ऊलकान इतक्या जोरात ओरडली की एका पोराच्या हातातली चहाची वाटी सांडली. "चाळीस घरांत ससाणे उडवलेत मी! मला पाखरं सांगू नकोस. सरळ बोल. तुला सांगितलं कुणी, बुटाचं?"

"त्याच्याबरोबर आपल्याकडचा, तालासचा एक मुलगा होता. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला." मिर्लानचा आवाज बारीक झाला. "खंदकात गुडघाभर पाणी होतं. कुबातला पोटात लागलं होतं. तो म्हणाला, बूट भिजले, आपा ओरडेल. एक काढला, पाणी ओतलं, बाजूला ठेवला. दुसरा काढायचा राहिला. एप्रिलची एकवीस तारीख होती."

"अंग?"

"तिथेच राहिलं. बाकीच्यांना मागे हटावं लागलं."

ऊलकानने मान हलवली. बाजारात भाव ऐकल्यावर हलवतात तशी. पुष्कळ वेळ हलवत राहिली.

"ऑगस्टपासून तुला ठाऊक आहे."

"मी दोनदा नारीनला आलो, आपा. वडीलधारं माणूस पाहिजे म्हणून तुमच्या दिरांना पुढे घालून आलो. त्यांनी घोड्याची गोष्ट सुरू केली आणि तुम्ही लोकर उचलायला गेलात. ढगाचा पत्ता नव्हता." त्याने बाहीने डोळे पुसले. "मग वाटलं, इथे दाखवावं. तुम्ही बघाल नि तुम्हाला कळेल. तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात तसं."

"गाढवा, देशोदेशीची पोरं आता बटणं दाबून माझ्या मुलाला मारणार? रोज?"

"काढून टाकतो," मिर्लान म्हणाला. "बूट काढतो, सगळंच काढतो."

ऊलकान गुडघ्यांवर हात देऊन उठली, डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि आवाज भरायच्या काचेच्या खोलीत गेली. एका पोराने तिच्यासमोर माईक सरकवला. तिने त्याला पाठ दिली, काळा स्पंज लावलेल्या भिंतीकडे तोंड करून बसली, हात कमरेवर ठेवले.

"आल्तम," तिने सुरू केलं. "माझ्या आल्तम..."

पुढे येईना. तिने दोनदा घसा खाकरला. आल्तम, म्हणाली, आणि पुन्हा अडकली. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. तंबू नव्हता, बायका नव्हत्या, अंग नव्हतं. तालासच्या कुठल्या एका पोराचा फोन आणि एक बूट, एवढ्यावर आईने कसं गावं? तिला वाटलं की आपल्याला हे जमणार नाही, आणि नाही जमलं तर कुबात कायमचा असाच राहील, टेकडीवर, ना इकडे ना तिकडे.

तिने सांगायला मागे वळून पाहिलं, की आज राहू दे.

काचेपलीकडे मिर्लान उभा होता. लढायांसाठी वापरायचा रबरी टोकाचा भाला त्याने जमिनीवर रोवला होता आणि त्यावर कमरेत वाकला होता. त्याच्या बाजूला बाकीची पोरं रांगेत, कुणाच्या हातात भाला, कुणाच्या हातात गदेचा दांडा. ज्यांनी आयुष्यात कुणासाठी असं केलं नव्हतं ती मिर्लानकडे बघून वाकली होती. सगळ्यांची तोंडं उघडी होती. मिर्लानच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पण काच जाड होती, आत काहीच ऐकू येत नव्हतं.

ऊलकानने उठून काचेवर थाप मारली.

"दार उघडा!" ती म्हणाली. "ऐकू येत नाहीये मला!"

यंत्रापाशी बसलेला पोरगा गडबडला, दार उघडलं तर रेकॉर्डिंग बिघडेल म्हणाला. मिर्लानने वाकल्या वाकल्या लाथेने दार उघडलं, आणि सहा पुरुषांचं बेसूर, ओबडधोबड रडणं आत घुसलं, "ओय माझ्या भावा! ओय माझ्या भावा रे!"

ऊलकान परत भिंतीकडे जाऊन बसली. हात कमरेवर ठेवले.

"कुबात," तिने सुरू केलं, आणि आवाज आला,

"खांदा मोडला तेव्हा माझ्या कुबात, तू रडला नाहीस,
बुटांसाठी ओरडले तेव्हा रडलास.
ये घरात, ओल्या पायांनी ये,
नाही रे ओरडणार, नाही ओरडणार..."