ठिपकीचे डोळे

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन अंगणात उतरलं, की आमची ठिपकी त्यात पाय पसरून बसते आणि तुळशीभोवतीच्या फुलपाखरामागे नुसती नजर फिरवते. मधाच्या रंगाचे, पाणीदार डोळे! जॅक रसेल टेरियर ही या कुत्रीची जात. मांजराहून किंचित मोठी काया आणि तीत न मावणारं कुतूहल. लातूरच्या या घरातल्या माझ्या निवृत्त, संथ दिवसांना तिनेच चैतन्य दिलं.

उदगीरच्या महानंदाअक्कांना तिचं पिल्लू हवं होतं. अक्का माझ्या जुन्या स्नेही. कापडाचं दुकान चालवणाऱ्या, लेकीच्या लग्नानंतर एकट्या पडलेल्या. "एक पिल्लू तेवढं मला द्या, ताई. घर लई मुकं झालंय," त्या म्हणायच्या. न जन्मलेल्या त्या पिल्लाचं 'मोगरा' हे नावही आम्ही ठरवून टाकलं होतं.

जोडीदार शोधण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांनी ठिपकीच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. "या जातीत डोळ्यातलं भिंग जागचं सुटण्याचा आजार असतो. आईबापांकडून येतो. तपासून घेऊ."

काही आठवड्यांनी त्यांनी बोलावून सांगितलं, "आईबाप दोघांकडूनही हा दोष हिच्यात आलाय. पुढेमागे नजर जाऊ शकते. डोळे वरचेवर दाखवत राहा. वेळेवर कळलं, तर उपाय करता येतील. पण हिची पिल्लं घेऊ नका. ती हा दोष पुढं नेतील."

परतताना रिक्षात ती माझ्या मांडीवर उभी राहून रस्त्याचं सारं रूप अधाशीपणे पीत होती. ज्या रक्ताने हे नेत्र दिले, त्याच रक्ताने त्यांचा अंधारही सोबत धाडावा? आणि हे आधीच कळणं, याला शाप म्हणावं की कृपा? ती आपली अजाण, आनंदी. जाणिवेचा भार तेवढा माझ्या वाट्याला आला होता.

अक्कांना फोनवर मी सारं सांगितलं.

"म्हणजे मोगरा येणार न्हाई?"

"नाही, अक्का."

"आन् ठिपकीला आत्ता दिसतंय न्हवं?"

"स्वच्छ दिसतंय."

"मग मी रविवारी येते. दिसतंय तवरच तिला माझा आवाज वळखीचा होऊ द्या. उद्या तुम्ही कुठं गावाला गेलात, तर तिनं कुणाच्या हाकेला यायचं?"

तेव्हापासून दर रविवारी अक्का येतात. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या, लेकीच्या संसाराच्या गोष्टी मराठीत सुरू करून आपल्या घरच्या कन्नडात संपवतात, त्याही मला नव्हे, ठिपकीला! ती मान तिरकी करून ऐकत राहते. तिचे डोळे अजून निर्मळ आहेत. उद्याचं कुणी सांगावं? परवा फाटकाबाहेर अक्का रिक्षावाल्याशी बोलत होत्या. मला त्या दिसल्याही नव्हत्या. पण पेंगुळलेल्या ठिपकीचं शेपूट, डोळे मिटलेले असतानाच, हलू लागलं.