खराट्याच्या हिराचं माप

चिमा परवा गेली. नऊ वर्षं माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तशीच गेली. वाडीतले लोक म्हणतात, फार सोशीक बाई, कधी कोणाला उलटून बोलली नाही. सोशीक कसली! सगळा राग तिने माझ्यासाठी राखून ठेवला होता. आणि खोटं कशाला बोलू, तो मला लागूच होता.

मी महिपत चांभार. माझं घर वाडीच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला. पाण्याला जाणारी वाट माझ्या दारावरून जाते, त्यामुळे गावातल्या बायकांचे चेहरे कमी आणि पायच जास्त पाहिले. वहाणेचं माप घ्यायचं तर पायाला हात लावायची सोय नाही, आम्ही शिवलेलं चालत नाही ना! आमच्या हातची वहाण चालते, हात चालत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने ओल्या मातीत पाय उमटवायचा आणि बाजूला व्हायचं. मग मी त्या ठशावर माडाचा हीर, म्हणजे खराट्याची काडी, ठेवून लांबीला तोडायचा आणि पंजाच्या रुंदीचा दोरा त्याला गुंडाळून ठेवायचा. चाळीस वर्षं असे ठसे मोजले. चिखलातला पाय बघून पाण्याला कोण गेली ते मी सांगतो. चिमाचा पाय तर लांबून ओळखावा. लावणीच्या चिखलात पसरलेला पंजा, अंगठा बाहेर फेकलेला, टाचेला भेगा. त्या पायात कधी काही गेलंच नव्हतं. आमच्या वाडीत बाईने वहाणा घातल्या की लोकांना तमाशाच.

तिचा नवरा भागोजी मुंबईला गिरणीत. लग्नानंतर दुसऱ्याच साली तो तिकडे तापाने मरणाला टेकला, तेव्हा हिने जोतिबाला नवस केला, की धनी उठून बसूदे, आम्ही दोघं जोडीने चालत येऊ. बसला मेला उठून! नवस मात्र अकरा वर्षं तसाच. तो वर्षाआड शिमग्याला यायचा, पालखी नाचवायचा, चार दिवस राहून आगबोटीने परत. हिने आठवण काढली की म्हणायचा, पुढच्या साली बघू. इकडे वाडीत कोणाची गाय आटली तरी हिला वाटायचं, आपल्या राहिलेल्या नवसाने आटली.

एकोणतीस सालच्या शिमग्याला भागोजी आलाच नाही. त्याच्या खोलीवर राहणारा रामा आला, त्याच्याबरोबर चिठ्ठी आणि दोन हीर. मुंबईच्या खराट्यातून उपटलेले, एक लांब, एक आखूड, दोन्हींना पंजाचे दोरे गुंडाळलेले. चिठ्ठी मास्तरांनी वाचून दाखवली. चैत्राच्या पुनवेला जोतिबाला चालत जायचं आहे, या मापांच्या दोन जोड वहाणा करून घे, तेल पाजून मऊ करून ठेव, शिदोरी बांधून ठेव. बस, एवढंच. आखूड माप कोणाचं, ते लिहिलं नव्हतं. रामाला ठाऊक असणार, पण तो जमिनीकडे बघत उठून गेला.

चिमा धावत माझ्या दारात. "म्हैपतबाबा, दोन जोड! नवस त्यांच्या ध्यानात हाय बघा!"

मी आखूड हीर हातात घेतला आणि दोरा उलगडला. अरुंद पाय, मिटलेला पंजा. चपला घालून फरशीवर चालणारीचा पाय. चिमाच्या पायापेक्षा चांगला बोटभर आखूड. तो तिचा नव्हता, हे मला त्याच घडीला कळलं.

बोललो एवढंच, "वयनी, माप जरा कमी वाटतंय. मातीत पाय उमटवा, मी नवं घेतो."

"नको, नको! त्यांनी पाठवलंय ना? लग्नात बघितलेला पाय ध्यानात राहिला असंल त्यांच्या. तवा माझा पाय बारीकच होता. आता मोठी वहाण बघून त्यांना काय वाटंल?"

तिचं तोंड असं उजळलं होतं की माझी जीभ टाळ्याला चिकटली. आता आपलं म्हणतो, चिकटली. खरं म्हणजे मला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. गोष्ट कुणब्याच्या घरातली आणि सांगणारा चांभार! भागोजीने येऊन माझीच पाठ सोलली असती.

दोन्ही जोड केले. म्हशीचं कातडं, तीन पदरी तळ, घाट चढून-उतरून टिकतील असे. करंजेल पाजूनच दिले. पण नवी वहाण तेलाने अर्धी मऊ होते, उरलेली पायाने. भागोजीचा जोड तिने तेलात ठेवला आणि आपला मुरवायला घेतला. घरात सासू, बाहेर वाडी. म्हणून रोज लाकडांच्या निमित्ताने सड्यावर जायची, वहाणा फडक्यात गुंडाळून काखेत. वर कातळावर कोणी नसताना घालायची आणि तास-दोन तास चालायची. परत येताना अनवाणी. मला कसं कळलं? ठशांवरून. तिसऱ्या दिवशी डावी टाच जमिनीला टेकेना. सहाव्या दिवशी दोन्ही पावलं नुसत्या बाहेरच्या कडेवर टेकलेली. आठव्या दिवशी माझ्या दारातल्या दगडावर रक्त.

"वयनी, आणा त्या इकडे. पट्टा सैल करून देतो."

"राहूंदे वो. देवाची वाट हाय, थोडं सोसाय नको?" आणि हसली. हसली हो ती!

पंधरा दिवसांत वहाणा लोण्यासारख्या झाल्या. दोन बोचकी बांधली. भाजलेल्या नाचणीचं पीठ, पोहे, गूळ, सुकं खोबरं, मीठ-मिरची. देवाची वाट म्हणून सुकी मासळी नाही. घोंगडी, दोरी, आणि वाटेत तुटले तर म्हणून माझ्याकडून मागून नेलेले वहाणेचे दोन जादा अंगठे. साखरप्याला मुक्काम कोणाकडे, आंबा घाट कुठल्या वेळी चढायचा, सगळं तिने विचारून पाठ केलं होतं.

पुनवेला आठ दिवस असताना भागोजी आला. वहाणा पारखायला त्याने मला बोलावलं, म्हणून मी अंगणाच्या कडेला उभा होतो. त्याच्याबरोबर एक बाई होती. पायात पातळ मुंबईच्या चपला.

"ही कमळा," तो म्हणाला. "तिकडं माझं घर हिनंच सांभाळलंय. नवस जोडीनं फेडाय पायजे, तर उद्या आमी निघतो. तू आयेकडं बघ."

चिमा आत गेली. मला वाटलं, आता बोंब मारणार, निदान बोचकी तरी अंगणात भिरकावणार. ती बाहेर आली, दोन्ही बोचकी नीट खाली ठेवली आणि आखूड जोड कमळेच्या पायाशी सरकवला. कमळेने पाय घातले. टाचेला टाच बसली, अंगठा अंगठ्यात.

"अगो, चावत नाहीत!" कमळा कौतुकाने म्हणाली. "नव्या वाटतच नाहीत."

"चावायचं तेवढं चावून झालंय," चिमा म्हणाली.

मी परतायला वळलो. तर ती अंगण ओलांडून माझ्यासमोर आली, इतकी जवळ की मलाच मागे सरावं लागलं.

"हीर हातात घेतलात, तवाच कळलं होतं ना?"

काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण माझी नजर तिच्या पायांवर गेली. जखमांवर हळद लावलेली होती.

"हो," मी म्हणालो.

"त्यानं फसवलं, तो मुंबईला बसून होता. तुमी तर रोज माझे पाय बघत होतात."

दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याला वरच्या अंगाने जायला लागली. ती वाट दुपटीने लांब आणि सगळी काट्यांची. नऊ वर्षं, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन, अनवाणी तीच वाट चालली. माझ्या दारातल्या मातीत तिचा पाय पुन्हा उमटला नाही.