दगडोबा आप्पांची हजेरी

आमच्या वस्तीवर दगडोबा आप्पांइतका संशयी माणूस दुसरा नाही. खताची गोणी दुकानातून आली की आधी त्यांच्या स्वतःच्या काट्यावर चढते. दवाखान्यात सुई त्यांच्यादेखत पाकिटातून काढावी लागते, आणि वर "ह्येच्यावरची तारीख वाचून दावा" असतंच. गुलछडीचे क्रेट टेम्पोत चढवताना ड्रायव्हर मोजतो, आप्पा मोजतात, आणि टेम्पो सुरू झाल्यावरही आप्पा मोजत मोजत चार पावलं त्याच्यामागे चालतात. लोक हसतात. मीही हसायचे. गेल्या जुलैपासून हसत नाही, आणि का ते सांगायचं तर मला माझीच लाज सांगावी लागते. म्हणून वस्तीचं नाव घेत नाही. खुटबावहून पुढे आलं की उसातून एक रस्ता आत वळतो, एवढं पुरे.

दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी. दुसरे सर बदलीवर गेले ते गेलेच, त्यामुळे मी एकटी बाई. पोरं दरवर्षी कमी होत होती, कारण सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी बस येते आणि टाय लावलेली पोरं उचलून नेते. वीसच्या खालच्या शाळा लांबच्या मोठ्या शाळेला जोडणार, असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. माझ्याकडे एकोणीस होती. विसावी डोळ्यासमोर होती: आप्पांची नात राजनंदिनी. दिवाळीत तिला सहा पूर्ण होणार होती आणि नियमाने ती पहिलीत बसत होती.

मी गेले तेव्हा आजा-नात कळ्या तोडत होते.

"आप्पा, नातीला शाळेत पाठवा."

"का?"

असा तोंडावर 'का' मला अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"सहा वर्षांच्या मुलाला शाळा सक्तीची आहे. कायदाच आहे तसा."

"सक्ती कुणावर? पोरीवर, माझ्यावर, का तुमच्यावर बी?"

"सगळ्यांवरच."

"आन् गरज कुणाला हाय? पोरगी काय शाळा मागत न्हाई. तुम्ही मातर ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय."

"तिच्याच भल्यासाठी सांगतेय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं, आणि आप्पांनी ते ओळखलं.

त्यांनी नातीला जवळ घेतलं. "उद्याच्याला कंच्या कळ्या फुलणार, दाव बाईंना." पोरीने भराभर दहा कळ्यांना बोट लावलं. "हिला बसवून तुम्ही काय शिकवणार? गप बसायला? दिवाळीनंतर बगू."

दिवाळीपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. आप्पांचा मुलगा सुदर्शन कुरकुंभला कंपनीत आहे. तो शिफ्टला निघालेला रस्त्यात भेटला. त्याने पोरीच्या आधारची झेरॉक्स दिली आणि म्हणाला, "आप्पांना मी समजावतो, तुम्ही नाव घालून टाका." मी नाव घातलं. इथवर ठीक होतं. पण पोरगी येईना, आणि पटावरचं पोर सारखं गैरहजर दिसलं तर वरून कुणीतरी विचारणार, म्हणून मी तिच्या नावापुढे हजर मांडायला लागले. पहिल्या दिवशी सवयीने तिचं नाव मोठ्याने घेतलं गेलं. त्यांच्या शेजारची अंकिता, तिसरीतली, मजेत म्हणाली, "हजर." पोरं हसली. मी पुढचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. चौथ्या दिवशी कुणी हसलंही नाही.

जुलैत आप्पा शाळेच्या फाटकाशी दिसायला लागले. यायचे, थांबायचे, पायरीकडे बघायचे, निघून जायचे. मी मनात नाही नाही ते आणलं. शाळेच्या मागची जागा यांना क्रेट ठेवायला हवी असेल. पिवळ्या बसवाल्यांनी यांना पाठवलं असेल. आप्पांनी काही विचारलं तर आधी मला बोलवायचं, अशी ताकीदही मी पोरांना देऊन ठेवली.

खरं तर आप्पा चपला मोजत होते, हे मला नंतर कळलं. दाराबाहेरच्या फळ्यावर पट किती आणि हजर किती, हे रोज खडूने लिहावं लागतं. आप्पांना अक्षर येत नाही, पण आकडे फूलबाजाराने शिकवलेत. फळ्यावर वीस, पायरीवर एकोणीस जोड. कुठलंही पोर अनवाणी येत नाही, हेही त्यांनी आधी बघून घेतलं होतं.

मग एके दिवशी मी हजेरी घेत होते. "राजनंदिनी." अंकिता म्हणाली, "हजर." आणि मी मान वर केली तर खिडकीत आप्पांची टोपी. मला वाटलं होतं रागावलेले असतील. तसं नव्हतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ते निघून गेले. आता हे तालुक्याला जाऊन अर्ज देणार, या भीतीत माझा तो दिवस गेला.

शाळा सुटल्यावर ते आले. कॅरीबॅगमधून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला. सुदर्शनच्या जातीच्या दाखल्यासाठी बापाची जुनी नोंद लागली, तेव्हा काढून आणलेला.

"वाचा. मोठ्यानं वाचा. मला कुणी पुरता वाचून दावला न्हाई."

मी वाचला. नाव दगडोबा म्हाळू. जन्मतारीख एक जून, म्हणजे त्या काळच्या निम्म्या गावाची. चौथी उत्तीर्ण. प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच की, आप्पा."

"मी एक दिस बसलो न्हाई. मास्तर घरी आले. माझा हात डोक्यावरनं घेतला, दुसऱ्या कानाला लागतोय का बघितलं. लागला. नाव घातलं. दुसऱ्या दिशी बानं शेरडं दिली हातात. मास्तर परत कवा आले न्हाईत. एकदा शेरडं घिऊन शाळंमागनं चाललो व्हतो. आत माझं नाव घेतलं. मी तितंच हुभा ऱ्हायलो. म्हनलं, मला बोलावत्यात. 'आलो' म्हननार, तवर आतनं कुणीतरी 'हजर' म्हनलं."

मी दाखल्याकडेच बघत राहिले. त्यांच्याकडे बघवेना.

"चार वर्सं त्यो म्हनत व्हता, बाई. त्येला वाचाय आलं आसंल. मला न्हाई आलं."

मला लाज वाटली. तरी मी विचारलंच, "तक्रार करणार आहात का?"

"कुणाकडं? तितं बी खरं कोण हजर आसतंय, मला काय म्हाईत? ते दिस खोडा आधी."

मी लाल पेन घेतलं. एकेक चौकट खोडली, गैरहजर लिहिलं, पुढे सही केली. आप्पा शेजारी उभे राहून बोटाने मोजत होते. तेवीस झाल्या आणि मी पेन ठेवलं.

"चोवीस," आप्पा म्हणाले. "मधला एक शनिवार ऱ्हायला."

राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर हजर एकोणीस लिहायला लागले. केंद्रप्रमुखांना फोन करून तेच सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी शाळेआधी मी आप्पांच्या वावरात जाऊन उभी राहायला लागले. पहिले दोन दिवस त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आता कशाला येताय?"

"तुमचे मास्तर परत आले नव्हते म्हणून."

"आन् गरज कुणाला हाय?"

"मला आहे. विसावी नसेल तर शाळा जाईल. आणि पोरीलाही आहे. दोन्ही खरं आहे, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे खताच्या गोणीकडे बघतात तसं बघितलं आणि पुन्हा कळ्या तोडायला लागले.

सोमवारी पायरीवर विसावा जोड होता, गुलाबी. राजनंदिनी अंकिताला चिकटून बसली होती. खिडकीत टोपी होतीच. मी हजेरी सुरू केली. "राजनंदिनी."

"हजर," अंकिता सवयीने म्हणाली.

"तू न्हाई," खिडकीतून आवाज आला.

पोरीने मान खाली घातली आणि फ्रॉकची किनार चघळायला लागली. पहिलाच दिवस, सहाही पूर्ण नाहीत, तिला हजर म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? एरवी मी खूण करून पुढच्या नावावर गेले असते. त्या दिवशी पेन वर धरून थांबले. पोरं चुळबुळायला लागली तरी थांबले. शेवटी तिने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जरा वैतागून म्हणाली, "आलीय की मी."

मी हजर मांडलं.

आप्पा खिडकीतून दिसेनासे झाले. मला वाटलं, गेले. हजेरी संपवून बाहेर आले तर ते पायरीपाशी वाकून चपला मोजत होते. फळा अजून कोरा होता. मी खडू घेऊन आकडा लिहीपर्यंत ते तिथून हलले नाहीत.