पासष्ट किलोच्या बाईचं जेवण

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मी पंच्याऐंशी किलोची होते. तोवर माझ्या वजनाची कोणाला अडचण झाली नव्हती. हिंगोलीत मी ब्लाउज शिवते. बायका थट्टेनं म्हणायच्या, "ताई, तुमच्या मापात आमच्या दोघींचं बसतंय," आणि मीही हसायचे. मशीनवर बसून बसून अंग सुटलं होतं, त्याची लाज वाटावी असं मला कधी वाटलं नाही. पण नांदेडच्या दवाखान्यात रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "किडनी देता येईल, पण या वजनात नाही."

मी म्हटलं, "मग आजपासून जेवतच न्हाई."

तिथं आहार सांगणारी पोरगी होती, ती हसली. "मावशी, उपाशी राहून अशक्त झालात तर डॉक्टर अजिबातच नाही म्हणतील. तुम्हाला पासष्ट किलोवर यायचंय ना? मग तुमच्या उंचीची, तुमच्यासारखंच काम करणारी पासष्ट किलोची बाई दिवसभरात जेवढं खाते, तेवढंच खायचं. वजन हळूहळू उतरेल आणि तिथं येऊन थांबेल. पोचल्यावरही वेगळं काही करायचं नाही. हेच जेवण चालू ठेवायचं." तिनं मला एक वाटी दाखवली. भात असो, खिचडी असो, माप तेच.

ऐकायला किती सोपं! उपास नाही, औषध नाही, नुसतं दुसरीच्या ताटातलं जेवायचं. पण बाई गं, ती दुसरी खायचीच केवढंसं! मी हात धुऊन उठायचे तेव्हा पोट म्हणायचं, आता वाढा. भाकरी थापताना माझ्या पोरींच्या वाटची भाकरी फुगलेली बघून मला रडू यायचं. मनातल्या मनात मी त्या बाईला शिव्या घालायचे. भवानीला माहेरी कोणी पोटभर वाढलंच नसेल.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. माझेच ब्लाउज मी उसवून आत घेतले. मग उतरणं मंदावलं. त्या पोरीला विचारलं, तर म्हणाली, "असंच होतं मावशी. तुम्ही जसजशा तिच्याजवळ जाल, तसतसा तुमच्या आणि तिच्या भुकेतला फरक कमी होत जातो. शेवटचे किलो सावकाशच जातात." इकडे भावाचे पाय सुजत चाललेले, तोंडावर काळपटपणा आलेला, आणि माझं अंग मात्र सावकाश! मशीन असती तर जोरात पाय मारला असता. अंगापुढं मी काय करणार होते?

आई गेली तेव्हा तो चड्डीतलं पोरगं होता. मीच त्याला न्हाऊ घातलं, मीच भरवलं. आता वारंगा फाट्यावर त्याचं खिचडीचं हॉटेल आहे. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागतं. भावजय हॉटेल सांभाळते, म्हणून मी हिंगोलीहून येते आणि त्याला नांदेडला घेऊन जाते. परत फाट्यावर उतरलो की तो पार पिळून निघालेला असायचा. तरी घरात जाऊन पडायचा नाही. थेट पातेल्यापाशी जाऊन झारा हातात घ्यायचा. "आक्काला मीच वाढणार," म्हणायचा. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

त्याला स्वतःला त्या खिचडीतला घास चालत नव्हता. मीठ मोजकं, डाळ मोजकी, पाणीसुद्धा मापून. अख्ख्या रस्त्याला खिचडी खाऊ घालणारा माणूस फिका भात चिवडत बसायचा. "तू खा," म्हणायचा. "तू खाऊन राहिली का माझं पोट भरतंय."

यावर नको कसं म्हणणार? मी माझी वाटी पिशवीत घेऊनच फिरायचे, तीच पुढं करायचे. "एकच वाटी. वरून तूप न्हाई."

"व्हय व्हय, एकच वाटी," तो म्हणायचा आणि काठोकाठ भरून, वरून सपाट करून द्यायचा. निघताना दुसऱ्या दिवसासाठी तेवढ्याच मापाचा डबाही भरून द्यायचा. त्या खिचडीला काय चव होती! मला वाटायचं, भुकेल्या माणसाला सगळंच गोड लागतं.

आणि वजन थांबलं. एकाहत्तरवर असं अडून बसलं की हलेचना. मी घरची भाकरी अर्धी केली, तरी नाही. आहारवाली म्हणाली, "काहीतरी चुकतंय मावशी." मी तिच्यावरच खेकसले, "मग मी खोटं बोलते का?" घरी येऊन मशीनवर डोकं ठेवून रडले. डॉक्टर म्हणत होते, आता फार वेळ घालवू नका. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एक दिवस फाट्यावर वाटी फार तापली होती, धरवेना. म्हणून मी ती ताटात उलटी केली. खिचडी विटेसारखी अख्खी बाहेर पडली आणि तशीच उभी राहिली. वरून तुपाचा ओघळ सुटला. शेजारच्या गिऱ्हाइकाचं ताट बघितलं. त्याची खिचडी मोकळी, सैल, दिसायला ढीग आणि खायला हलकी. हॉटेलवाल्याचा हात तो. माझ्या एका वाटीत त्यानं दोन वाट्या दाबून भरल्या होत्या, आणि तळाला तूप.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय रे, मुडद्या?" शिवी तोंडातून गेली आणि मी माझीच जीभ चावली.

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "ती पासष्टची बाई मला नको, आक्का. ती आली का तुला ऑपरेशनच्या टेबलावर घेतेत. दाजी तर न्हाईत. तुला काही झालं तर पोरींनी कोणाकडं बघायचं?"

"अन् हिनं कोणाकडं बघायचं?" मी भावजयीकडं बोट केलं. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. कढईतली भजी करपत होती आणि ती नुसती त्याच्याकडं बघत उभी होती.

त्या दिवसापासून मी फाट्यावरचा घास बंद केला. घरून डबा नेऊ लागले. सावकाश का होईना, पासष्टवर आले. डॉक्टर म्हणाले, "आता भावाची सही आणा."

तो सही करत नाही. मी भांडले, रडले, हात जोडले. भावजयीनं बोलणं टाकलं. पोरींनी मामाला समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं, मला धोका फार थोडा आहे. सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "न्हाई." घेणाराच नको म्हणतो, तिथं जबरदस्ती चालत नाही म्हणे. मी हात टेकले.

अजून आठवड्यातून तीनदा मी त्याला नांदेडला नेते. परत फाट्यावर उतरलो की माझ्या डब्याकडं बघून तो म्हणतो, "किती वाळलीस गं आक्का." मी डबा उघडते. ती आहारवाली म्हणाली होती, पोचल्यावरही वेगळं काही करायचं नाही. तसंच करते. रोज त्या बाईचं जेवण जेवते, एक घास जास्त नाही, एक घास कमी नाही. उद्या त्यानं व्हय म्हटलं, तर माझ्या वजनापायी थांबायला नको.