अर्विन फेटिगची रेषा

अर्विन फेटिगने स्वतःच्या मुलाला रेंजवरून हाकललं होतं, ही गोष्ट आमच्या काउंटीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळते. कर्बी तेव्हा शाळकरी पोर होता. बाकीची मुलं पुढे टार्गेट लावायला गेली असताना त्याने आपल्या रायफलीवरची धूळ पुसायला हात पुढे केला, एवढंच. रायफल रिकामी होती, बोल्ट उघडा होता, नळी रिकामी आहे हे दाखवायला त्यात घालायचा प्लास्टिकचा पिवळा सेफ्टी फ्लॅगसुद्धा होता. अर्विनने काहीएक ऐकून घेतलं नाही. समोर माणूस असताना बंदुकीला हात लागला की घरी, मग तो कुणी का असेना, असं म्हणून त्याने पोराला ट्रकमध्ये नेऊन बसवलं. कर्बी पुन्हा कधी रेंजवर आला नाही. आता तो फार्गोला असतो आणि नाताळला फोन करतो. बायको, आयोन, होती तोवर हा विषय अधूनमधून काढायची, आणि तिने काढला की अर्विनला कोंबड्यांना दाणे टाकायचं आठवायचं.

माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. जन्म सगळा धान्याच्या एलेव्हेटरवर, म्हणजे गहू साठवायच्या उंच कोठारावर गेला. तिथे तरुणपणी त्याच्या डोळ्यांदेखत एक सोबती ‘काही होत नाही’ म्हणत दोराशिवाय गव्हाच्या कोठीत उतरला आणि गव्हाखाली गेला. तेव्हापासून ‘काही होत नाही’ हे शब्द कानावर पडले की अर्विनच्या कपाळाची शीर तटतटायची. दर गुरुवारी संध्याकाळी कोऑपच्या जुन्या गोदामात तो युथ क्लबच्या मुलांना पॉइंट बावीसची रायफल शिकवायचा, एक पैसा न घेता. आधी आडवं पडून, मग गुडघा टेकून. उभं राहून मारायच्या फेरीला वेळ उरायचा नाही, ती ज्याने त्याने शनिवारी करायची. गुडघ्यावरची फेरी संपली, मुलं टार्गेट काढून परत आली, रायफली पेट्यांमध्ये गेल्या, की अर्विन रेषेवरून चालत एकेकाचा फ्लॅग गोळा करून शर्टाच्या खिशात टाकायचा. नाहीतर ते फ्लॅग पोरांच्या विजारींतून थेट आयांच्या वॉशिंग मशीनमध्ये जायचे.

या गोदामात मॅरिन व्होक शिकली. व्होकांची डेअरी अर्विनच्या घराला लागून. पोरगी आली तेव्हा एवढीशी होती, रायफलीचा दस्ता खांद्याला लागायचा तर नळी जमिनीला. आता अठराची होत आली होती. ट्रकचं दार लावलं तरी पुन्हा ओढून बघणारी, दुधाच्या टाकीचं झाकण लावून परत येऊन चाचपणारी. अर्विनला ती मनापासून आवडायची आणि ते तिला कळू नये याची तो भारी काळजी घ्यायचा.

राज्याच्या संघात चार जण घेतात. तो संघ जूनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला जातो, आणि एका प्रकारात एका मुलाला आयुष्यात एकदाच जाता येतं. मॅरिनचं हे वयातलं शेवटचं वर्ष. मागच्या वर्षी अर्जाच्या वेळी तिचा बाप छातीत दुखून पडला होता आणि गायी हिच्या गळ्यात होत्या, त्यामुळे ते वर्ष गेलंच. यंदा तिने अर्ज केला. अर्जाबरोबर कोचचं शिफारसपत्र लागतं. इतर कोच पानभर कौतुक लिहितात. अर्विनने एकच वाक्य लिहिलं होतं: ‘या मुलीच्या हातात रायफल असताना मी तिच्याकडे पाठ करून उभा राहतो.’ निवड समितीतल्या लोकांनी ते एकमेकांना वाचून दाखवलं म्हणतात. अर्विनला ओळखणाऱ्यांना त्याचं वजन माहीत होतं.

निवड एप्रिलमध्ये, उघड्या रेंजवर. चरांमध्ये अजून बर्फ, आणि वारा असा की टोपी डोक्यावर धरावी. सकाळी आडव्या फेरीत मॅरिन दुसरी आली, गुडघ्यावरच्या फेरीत पहिली. दुपारी उभ्याची फेरी आणि मग मुलाखत, एवढंच उरलं होतं. रेंजची मुख्य होती शॉना बाउअर, चाळिशीची, आवाजात दम असलेली बाई. लहानपणी तिलाही अर्विनने एकदा घरी पाठवलं होतं, हातात रायफल घेऊन मागे वळली म्हणून. ती मात्र पुढच्या गुरुवारी परत आली होती.

गुडघ्यावरची फेरी संपताच शॉनाने रेंज बंद केल्याचा पुकारा केला. सगळ्यांनी बोल्ट उघडले, फ्लॅग घातले, रायफली चटयांवर ठेवल्या आणि टार्गेट बदलायला पुढे गेले. अर्विन मॅरिनच्या चटईमागच्या खुर्चीत होता. त्याच्या डोक्यात मुलाखत घोळत होती. पोरगी बोलायला कंजूष, तिथे दोन शब्दांत उत्तरं देऊन बसायची.

मुलं परत यायला निघाली, तेव्हा शॉना शिरस्त्याप्रमाणे रेषेवरून फ्लॅग बघत चालली होती. मॅरिनच्या चटईपाशी ती थांबली.

"सगळे जागच्या जागी थांबा," ती म्हणाली. "इथे फ्लॅग नाहीये."

मुलं निम्म्या वाटेवर खिळून उभी राहिली. अर्विनने वाकून बघितलं. बोल्ट उघडा होता, पण फ्लॅग नव्हता. शॉनाने मॅरिनला एकटीला रेषेपाशी बोलावलं आणि विचारलं, घातला होतास का? मॅरिनने एकदा अर्विनकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आठवत नाही," ती म्हणाली.

आठवत नाही! दार पुन्हा ओढून बघणाऱ्या पोरीला आठवत नाही. अर्विनला आधी खरंच वाटेना, आणि मग असा संताप आला की समोर कोण आहे, किती आहेत, कशाचंही भान राहिलं नाही.

"एवढीशी होतीस तेव्हापासून शिकवतोय मी तुला," तो म्हणाला. "आठवत नाही म्हणतेस? तुझ्यासाठी मी काय लिहून दिलंय माहितेय ना? ते परत घेतलं मी. आत्ता, इथे."

मॅरिनचे कान लाल झाले. नियम सरळ होता, फ्लॅग नाही तर बाहेर. शॉनाने अवघडल्या आवाजात तसं सांगितलं. मॅरिनने रायफल पेटीत घातली आणि ती उचलून चालती झाली. तिची आई क्लबहाऊसमध्ये मुलांना नेफ्ला सूप वाढत होती. तिने खिडकीतून लेकीला पेटी घेऊन जाताना पाहिलं आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

अर्विन ट्रकमध्ये जाऊन बसला. पेपरमिंट घ्यावी म्हणून त्याने शर्टाच्या खिशात बोटं घातली, तर बोटांना प्लास्टिक लागलं.

त्याने ते बाहेर काढलं. पिवळा फ्लॅग. शेपटाला निळ्या नेलपॉलिशचा ठिपका. फ्लॅगांची अदलाबदल व्हायची म्हणून क्लबातल्या पोरींनी आपापल्या फ्लॅगांना रंग लावले होते, आणि निळा मॅरिनचा.

मग हळूहळू कळायला लागलं. गुडघ्यावरची फेरी संपली होती. गुरुवारी ती शेवटची असते. मन मुलाखतीत होतं आणि हाताने आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं. रेंज बंद असताना, समोर पोरं असताना, तो रेषा ओलांडून वाकला होता आणि त्याने बंदुकीला हात लावला होता. त्याला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. त्याची आईसुद्धा विसरण्याच्या आजाराने अशीच गेली होती, आधी हात आपल्या मनाने वागायला लागले, मग बाकीचं विसरलं.

आणि मग त्याहून वाईट गोष्ट ध्यानात आली. मॅरिनने त्याच्याकडे बघितलं होतं. ‘आठवत नाही’ म्हणायच्या आधी.

ती आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसली होती. अर्विनने तिच्यासमोर तळहात उघडला. तिने फ्लॅगकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"तू बघितलंस मला."

"टार्गेट लावता लावता मागं वळले होते."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुमचा कोचचा बिल्ला गेला असता. कायमचा. तुम्हीच सांगता ना, मोठ्या माणसाला दुसरी संधी नाही. माझी एक स्पर्धा गेली असती, कोच. तुमच्याकडं गुरुवारशिवाय आहे काय?"

आमच्यापैकी दुसरा कुणी असता तर त्याने तिला तिथेच मिठी मारली असती. अर्विनला हे ऐकून खिशात फ्लॅग सापडल्यापेक्षा मोठा धक्का बसला. इतकी वर्षं आपण काय शिकवलं आणि ही काय शिकली?

"कुणाला लागली असती तर?" त्याने विचारलं.

"रायफल रिकामी होती. काही होत..." ती मध्येच गप्प झाली. आपण काय बोलायला निघालो ते तिचं तिलाच कळलं होतं.

"ऊठ," अर्विन म्हणाला. "मी माझं सांगतो. तू तुझं सांग."

तिने एकदा विचारलं, मी नाही सांगितलं तर चालणार नाही का, तुमच्या सांगण्याने माझी फेरी मला परत मिळेलच. विचारणं रास्त होतं. फ्लॅग अर्विनने काढला होता, तिची चूक नव्हतीच. गप्प राहिल्याचं उघड केलं तर मात्र हाती आलेलं पुन्हा जायची भीती. अर्विन चालायला लागला. थोड्या वेळाने मागून तिच्या बुटांचा आवाज आला.

क्लबहाऊसमध्ये समिती सूप पीत होती. अर्विनने फ्लॅग टेबलावर ठेवला, बिल्ला काढून त्याच्या शेजारी ठेवला आणि झालं ते सांगितलं. शॉनाचा चेहरा पांढराफटक पडला. हा माणूस? ज्याने आपल्याला रडत घरी पाठवलं होतं, तो? तिने बिल्ल्याला हात लावायलाही वेळ घेतला. मग मॅरिन बोलली. मी पाहिलं होतं, मी गप्प राहिले, आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं. त्यावर तर पलीकडच्या टेबलावरचे आईबापसुद्धा खायचे थांबले.

समितीने दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने निर्णय झाला. फेरी तिची तिला द्यायची, बाकीचं मुलाखतीत बघू. समितीतल्या एका गृहस्थांनी अर्विनला विचारलं, तुमच्या पत्रातलं ते वाक्य आम्ही धरायचं का? मॅरिन शेजारीच उभी होती. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि त्याच्यावर कुणी बोटही ठेवलं नसतं.

"आज नाही," अर्विन म्हणाला.

मॅरिनच्या आईने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा माणूस जमिनीत गेला असता. मॅरिन तशीच जाऊन रेषेवर उभी राहिली. अर्विन कुंपणाबाहेर, आईबापांच्या बाकड्यांवर बसला. इथून टार्गेट दिसत नाही हे त्याला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. नुसते आवाज ऐकत बसायचं, आणि ते बसणं जिवावर येत होतं.

मुलाखतीत तिला काय विचारलं, ती काय बोलली, ते बाहेर आलं नाही. चौथ्या जागेसाठी बराच वाद झाला एवढं कळलं. शेवटी मॅरिन व्होक चौथी म्हणून संघात आली. तिच्या आईने अर्विनला घरच्या कूखन केकचा डबा पाठवला नाही, जो दरवर्षी निवडीनंतर यायचा.

गुरुवारी गोदामाची किल्ली अर्विनकडेच होती, म्हणून तो गेला. क्लब आता शॉनाच्या ताब्यात, आणि रेषेवर पुकारे द्यायचं काम मॅरिनकडे. तिच्याशी त्या दिवसानंतर त्याचं बोलणं झालं नव्हतं. त्याने कॉफी लावली आणि रेषेमागे बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे खुर्चीत बसला. लहान मुलं त्याच्याकडे चोरून बघत होती. झालेलं त्यांच्या कानावर गेलंच होतं.

आडवी फेरी झाली. गुडघ्यावरची झाली. मॅरिनने रेंज बंदचा पुकारा केला, मुलांनी फ्लॅग घातले आणि सगळी टार्गेट बदलायला पुढे गेली. मॅरिन आपली रायफल चटईवर ठेवून कोपऱ्यात उभी होती. अर्विनची मूठ उघडली. तो कधी उठला, दोरी कधी ओलांडली, त्याला कळलंच नाही.

"रेषेच्या मागे, कोच."

आवाज तिने जरासुद्धा खाली आणला नव्हता. गोदामभर घुमला तो. पुढची मुलं वळून बघायला लागली, शॉना जागीच थिजली. अर्विन थांबला. त्याने खाली बघितलं. बुटाचं टोक रेषेवर होतं आणि हात पुढे झालेला होता. थोबाडीत बसावी तसं झालं त्याला, चारचौघांत, पोरांसमोर. त्याने वर बघितलं. मॅरिनचे डोळे भरले होते, पण ते त्याच्यावरून हलले नव्हते.

अर्विनने पाय मागे घेतला. तो दोरीपलीकडे गेला आणि तिथे तसाच उभा राहिला. मुलं परत आली. मॅरिनने उभ्याच्या फेरीचा पुकारा दिला, कारण आता त्या फेरीलाही वेळ काढायचं ठरलं होतं. स्वतःची रायफल तिने उचलली, भरली.

तेव्हा अर्विन वळला, आणि तिच्याकडे पाठ करून, सावकाश, आपल्या कपात कॉफी ओतत उभा राहिला.